साकव झाला नाही

पिंपळओढ्याच्या वाडीत पहाटे पहिला दिवा लागायचा तो प्रयागबाईंच्या घरात. अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढं पाच वाती, पोथीतला एक अध्याय आणि मग वहीत एकशे आठ वेळा रामनाम. तेवढं झाल्याशिवाय तोंडात चहाचा घोट नाही. पन्नास वर्षांत भरलेल्या वह्यांनी माळ्यावरच्या दोन पेट्या गच्च झाल्या होत्या. त्याच खोलीत, भिंतीला पाठ लावून, नवरा हौशीराम आपला नेम करत बसलेला असायचा. त्याचा नेम मोबाइलवर चालायचा.

हौशीराम जन्मभर पोस्टमन. महाळुंगे पडवळच्या अल्याडपल्याडच्या वाड्या त्यानं सायकलवर, आणि सायकल जात नाही तिथं पायी, पालथ्या घातलेल्या. निवृत्तीनंतर पायांना आराम मिळाला, पण हातांना चैन पडेना. मंचरचे शौकतभाई त्याचे जुने दोस्त. आधी घड्याळं दुरुस्त करायचे, आता मोबाइल करतात. त्यांनी त्याला एक ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं ‘ओढ्याकाठून’. पहिल्या दिवशी हौशीरामनं लिहिलं, ‘आमच्या ओढ्यावर साकव मंजूर आहे. आज साकव झाला नाही.’ दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘दिवस दुसरा. आज साकव झाला नाही.’ असं सात वर्षं.

साकव म्हणजे काही मोठा पूल नव्हे. दुधाची किटली घेतलेला माणूस आणि दप्तर घेतलेलं पोर कोरड्या पायानं पलीकडं जावं, एवढंच मागणं. तेवढ्याशासाठी ओढ्याला पाणी असलं की वाडीला दोन कोसांचा वळसा पडायचा.

“एकच वाक्य रोज रोज काय लिवता?” प्रयागबाई विचारायच्या.

“तुझ्या वहीत एकच नाव, माझ्या ब्लॉगात एकच वाक्य. तुला देव पावला का?”

“पावंल तवा पावंल. आपण लिवत ऱ्हायचं.”

“मग झालं तर!”

ब्लॉगला वाचक चार. एक शौकतभाई, एक चाकणला कंपनीत असलेला मुलगा ऋषी, एक स्वतः हौशीराम आणि एक नाशिकचे कुणी गृहस्थ, जे चुकून आले आणि भिडेखातर परत गेलेच नाहीत. हौशीरामला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचा, “टपाल वाचायचं का न्हाई ते ज्याचं त्यानं बघावं. आपलं काम पोचवायचं.”

वाचत नव्हते ते गटातले दोन्ही पुढारी. आदेशभाऊ मागच्या खेपेला जिल्हा परिषदेवर निवडून आलेले. त्यांनी साकव कधीच पुरा केला होता; त्यांच्या ‘आदेशपर्व’ नावाच्या पेजावर त्याचा फोटोही होता. फोटोत मागं घाटघरकडचे कडे आणि कड्यांवर उतरलेलं धुकं. पिंपळओढ्याच्या मागं आहे सपाट उसाचं रान आणि विजेचा एक खांब. हौशीरामनं दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, ‘साकव दिसला. सुंदर आहे. आपल्या ओढ्यापासून फक्त चाळीस मैल लांब आहे. इथला साकव झाला नाही.’ दुसरे पुढारी मोहितशेठ. ते नवं नेतृत्व. त्यांनी साकव केला नव्हता, पण ‘साकव झालाच पाहिजे’ असा व्हिडिओ सहा वेळा केला होता, आणि दर वेळी नवा शर्ट होता.

तर यंदा हौशीरामचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस मुक्काम. हौशीराम अस्वस्थ झाला. सात वर्षांत एक दिवस पडला नव्हता. शौकतभाईंनी युक्ती सांगितली : आधी लिहून ठेवायचं, तारीख लावायची, त्या दिवशी सकाळी सहाला मोबाइल आपणहून पाठवतो. हौशीरामनं दोन दिवस बसून आठ दिवसांचं लिहून ठेवलं.

प्रयागबाईंना ते पटलं नाही. “नेम असा आधी उरकून ठेवता येत न्हाई हो. उद्याचा उपास आज कसा करायचा? आन् उद्या साकव झाला तर? खोटं न्हाई का पडणार?”

हौशीराम चष्म्यावरून बघत म्हणाला, “आठ दिसांत? अगं, तू लई भोळी हाईस.”

ऑपरेशनच्या आदल्या पहाटे त्या दिवसाचं वाक्य पाठवून तो जरा आडवा झाला आणि झोपेतच गेला. कुणाला हाक नाही, काही नाही. प्रयागबाई तुळशीला पाणी घालून आत आल्या तेव्हा चष्मा उशाशी नीट घडी घालून ठेवलेला होता.

सुतक आलं. देवापुढचा दिवा थांबला, पोथी फडक्यात गेली, रामनामाची वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हौशीरामचा मोबाइल टिंग् वाजला. ब्लॉगवर आलं :

‘दिवस २५१४. मी आज गावात नाही. तरी मला इथून दिसतं आहे. साकव झाला नाही.’

घरातले सगळे नेम बंद होते. चालू होता तो फक्त मेलेल्या माणसाचा.

हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं देव जाणे. बहुतेक नाशिकच्या गृहस्थांनी शोकसंदेश लिहायला ब्लॉग उघडला असावा. पण दुपारपर्यंत ते ‘आपला गट आपला माणूस’ या ग्रुपवर होतं, संध्याकाळी जुन्नर-आंबेगावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये होतं, आणि सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या दिवशीच्या सहावर लागल्या होत्या.

सहाला आलं, ‘दिवस २५१५. इथं सोय चांगली आहे. डोक्यावर पंखा आहे. साकव झाला नाही.’

“पंखा हाय म्हंत्यात तिकडं,” पारावर कुणीतरी म्हणालं.

“मंग लाइट बी आसंल. आपल्यापेक्षा बरं हाय की राव!”

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. ‘इथली माणसं पांढऱ्या कपड्यांत असतात, हळू बोलतात, कोणी मत मागत नाही. साकव झाला नाही.’ त्या एका वाक्याला चाळीस हजार वाचक मिळाले. खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. कुणी लिहिलं, ‘आबा, लवकर बरे व्हा.’ कुणी, ‘आबा, तिकडं आमचे तात्या भेटले तर विचारा, जमिनीचा कागद कुठल्या ट्रंकेत ठेवलाय.’

शौकतभाई धावत आले. दारातच उभे राहून म्हणाले, “वहिनी, हे दवाखान्याचं लिहिलंय त्यानं. आधी लिहून ठेवलेलं. मी ग्रुपवर सगळं समजावून टाकलं.”

“मग?”

“दोन लाइक आले. त्यातला एक माझा.”

येईल-जाईल त्या माणसाला प्रयागबाई स्वतः सांगत राहिल्या, की बाबांनो, हे ह्यांनी जिवंतपणी लिहिलंय, ऑपरेशनसाठी. माणसं मान डोलवायची आणि बाहेर अंगणात जाऊन म्हणायची, “काकींना धक्का बसलाय.” खरं बोलणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही हे प्रयागबाईंना ठाऊक होतं, पण मेलेल्या माणसाचं एवढं ऐकतात हे त्यांना नवीन होतं.

पाचव्या सकाळी ब्लॉगवर आलं, ‘इथं भेटायची वेळ चार ते सहा आहे. साकवाचा शब्द ज्यांनी दिला त्यांनी एकदा येऊन जावे. वाट बघतो.’

आदेशभाऊंनी म्हणे त्या दिवशी चार ते सहा गाडी बाहेर काढली नाही. मोहितशेठ देवीला नारळ फोडून आले आणि त्याचाही व्हिडिओ टाकला.

प्रयागबाईंच्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. हे ऑपरेशनला निघालेले, साकव डोक्यात घेऊन झोपले आणि तसेच गेले. जीव त्या ओढ्यात अडकलेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेल का? हे जग सोडताना माणूस मोकळा झाला, याची दुसरी पावती त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी मनाशी ठरवलं, त्या दिवशी कावळा शिवल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी सहाला मोबाइल वाजला नाही. आठ दिवसांचं लिहिलेलं आदल्या सकाळी संपलं होतं. सव्वासहा, साडेसहा. गटात हलकल्लोळ उडाला : आबा बोलले नाहीत! आणि सात वाजायच्या आत ‘आदेशपर्व’वर आलं, ‘आबांनी मौन धरले. आदेशभाऊंच्या शब्दावर आबांचा विश्वास!’ सात-पाचला मोहितशेठच्या पेजावर, ‘मोहितशेठच्या संघर्षाने आबांचा आत्मा तृप्त.’ साकव कुणीच केला नव्हता. श्रेय मात्र दोघांनी वाटून घेतलं होतं.

घोडनदीच्या घाटावर माणूस मावत नव्हतं. आमच्याकडं दशक्रियेला पुढारी येतातच, दोन शब्द बोलतात, दुसऱ्या घाटावर जातात. निवडणुकीच्या वर्षात तर एकेकाला सकाळी चार-चार घाट करावे लागतात. पण हौशीरामच्या दहाव्याला दोघंही साडेसातपासून हजर. दोघांबरोबर पोरांचा ताफा, काठीला लावलेले मोबाइल, आणि आदेशभाऊंच्या माणसांनी वर सोडलेली ती चार पंखांची भिंगरी, घर्रर्र करत घाटावर घिरट्या घालणारी. तिला ड्रोन म्हणतात हे प्रयागबाईंना शौकतभाईंनी सांगितलं.

ऋषीनं मुंडण केलं, गुरुजींनी विधी केले, भाताचे पिंड मांडले. सगळे मागं सरले. करंजाच्या झाडावर सात-आठ कावळे होते. एक उठला, खाली झेपावला. भिंगरी त्याच्या डोक्यावरून गेली. तो कावकाव करत नदीपार गेला. मागोमाग सगळं झाड रिकामं झालं.

“आबांची कायतरी इच्छा ऱ्हायलीय,” गर्दीतून आवाज आला.

कुणाची इच्छा राहिली असेल तर घरच्यांनी पुढं होऊन शब्द द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो. ऋषी हात जोडून पुढं झाला. “आबा, आईला चाकणला नेतो. एकटी ठेवत न्हाई.” काही झालं नाही. प्रयागबाईंना चाकणला जायचंही नव्हतं.

तेवढ्यात आदेशभाऊ पुढं सरसावले. त्यांच्या माणसानं मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. “आबा, हा आदेश तुम्हाला सगळ्या जनतेसमोर लाइव्ह शब्द देतो. दोन महिन्यांत साकव!”

कावळा नाही.

“आबा, दोन महिने कशाला?” मोहितशेठ दुसऱ्या बाजूनं आले. “मी स्वखर्चातनं, दीड महिन्यात!”

“एक महिना!”

“पंचवीस दिवस!”

नारायणगावच्या बाजारात आवक वाढली की टोमॅटोच्या क्रेटचा भाव उतरतो, तसे दिवस उतरत गेले. पंधरावर आले, बारावर आले. वर भिंगरी घरघरत होती. आदेशभाऊंनी “आठ दिवस!” म्हटलं तेव्हा मोहितशेठ म्हणाले, “आठ दिवस, आणि वर पेव्हर ब्लॉक!”

“भाऊ, साडेअकरा हजार बघत्यात!” काठीवाला पोरगा आनंदानं ओरडला. “खाली कुणीतरी लिवलंय, कावळा एडिटिंगमदी टाका!”

ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि ऋषीला हळूच म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिववू का? शास्त्रात सोय आहे. मला पुढं वारूळवाडीला जायचंय.”

प्रयागबाई उठल्या. आदेशभाऊंसमोर जाऊन हात जोडले. त्यांचा आवाज मुळातच लहान. त्या दिवशी घसा कोरडा, म्हणून अजून लहान. “आदेशभाऊ, तेवढी ती भिंगरी खाली घ्या. पाखरं भेत्यात.”

“काकी, दोनच मिनिटं. वरनं गर्दीचा शॉट राहिलाय.”

“पाखरांना शॉट कळत न्हाई ओ.”

“दोनच मिनिटं, काकी.”

प्रयागबाई कुणाशी भांडत नसत. त्या पिंडाजवळ जाऊन बसल्या, पदर सावरला आणि भाताशी बोलाव्या तशा बोलल्या. शेजारी शौकतभाई उभे होते, त्यांनाच तेवढं ऐकू गेलं.

“अहो, ह्यांच्या शब्दांकडं बघू नका. हे शब्द तुम्ही आयुष्यभर पोचवल्यात, आत काय आसतं तुमाला ठाव हाय. साकवाचं मी सांगू शकत न्हाई. पण तुमचा नेम पडणार न्हाई. उद्यापासनं मी लिवते. साकव होईस्तोवर. आता जावा.”

वरची घरघर एकाएकी बारीक झाली. ड्रोनची बॅटरी उतरली होती. तो लडखडत खाली आला आणि मोहितशेठच्या माणसांत पडला, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. तेवढ्या गडबडीत नदीपारहून एक कावळा आला, इकडं-तिकडं मान वळवून बघितलं, आणि पिंडाला शिवून गेला.

प्रयागबाईंनी डोळे मिटले. शौकतभाईंनी तांब्या पुढं केला. त्यांनी पाणी घेतलं.

बॅटरी आधी संपली की शब्द आधी झाला, हे शौकतभाईंनाही सांगता येत नाही. पण बाकीच्यांना शंका नव्हती. घरी पोचेपर्यंत दोन्ही पेजांवर कावळा होता. एकात खाली लिहिलं होतं, ‘आदेशभाऊंनी शब्द दिला आणि…’ दुसऱ्यात, ‘मोहितशेठनी शब्द दिला आणि…’ कावळा मात्र तोच होता.

अकराव्या दिवशी पहाटे प्रयागबाई हौशीरामच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसल्या. दिवा लावायला अजून दिवस होते, पण ह्या नेमाला सुतक कुठलं? आदल्या संध्याकाळी शौकतभाईंनी कुठं बोट ठेवायचं ते कागदावर चित्र काढून दिलं होतं. एकेक अक्षर शोधत पाऊण तासानं त्यांनी लिहिलं :

‘दिवस २५२३. काल घाटाच्या गडबडीत एक दिवस पडला, त्याबद्दल क्षमा असावी. आज साकव झाला नाही. प्रयागबाई.’

खाली दोन्ही पुढाऱ्यांच्या ‘आठ दिवस’वाले व्हिडिओ जोडायचे, ही शौकतभाईंची भर. प्रयागबाईंना ती आवडली नाही, पण शब्द खरे होते, म्हणून त्यांनी राहू दिली.

वाचक आता चार राहिले नव्हते. आठ दिवस गेले, नववा गेला. दहाव्या दिवशी आदेशभाऊ स्वतः आले, ओढ्यातून, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून. सतरंजीवर बसत म्हणाले, “काकी, आमच्या पेजतर्फे तुम्हाला आदर्श ब्लॉगर पुरस्कार द्यायचं ठरलंय. शाल, श्रीफळ.”

“नारळ द्या, देवाला होईल.”

“आणि ते रोजचं लिहिणं जरा… वयोमानानुसार… आठवड्यातनं एकदा केलं तर?”

“नेम मधी सोडला तर दोष लागतो, भाऊ. उद्यापन केल्याबिगर सोडता येत न्हाई.”

“मग करू की उद्यापन! सगळा खर्च माझा. कधी करायचं?”

“ह्याचं उद्यापन साकवावर करायचं आसतं,” प्रयागबाई म्हणाल्या. “अकरा मेहुणं जेवायला घालायची. तुमी जोडीनं या. येताना मात्र साकवावरून या, तेवढी अट हाय.”

तीन दिवसांनी ओढ्यावर जेसीबी आला. चौथ्या दिवशी मोहितशेठचाही आला. दोघांनी दोन काठांवर एकेक खांब उभारायला घेतला, आणि कामगारांपेक्षा मोबाइलवाले जास्त होते. वाडी रोज ओढ्यावर जमायची. कुणी म्हणायचं, “मेल्यावर आबा लई कामाला आला.” प्रयागबाई रोज दिवेलागणीआधी काठावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या, हातानं सिमेंट चाचपायच्या, आणि पहाटे लिहायच्या. सुतक फिटलं होतं. आता देवापुढं पाच वाती, एक अध्याय, एकशे आठ नावं, आणि शेवटी ते एक वाक्य.

दोन्ही खांब उभे राहिले आणि आचारसंहिता लागायची कुणकुण आली. त्या पहाटे साडेपाचलाच आदेशभाऊंचा फोन.

“काकी, परवा आचारसंहिता. आज लोकार्पण उरकून घेतो. लाइव्ह आहे. खांबांना हार घातलेत, फीत बांधलीय. वरचा स्लॅब नंतर पडंल, त्याची गॅरंटी माझी. तुम्ही फक्त आज ‘झाला’ लिहा. एकच शब्द, काकी. लोक आमचं पेज बघत न्हाईत, सहाला तुमचं बघतात!”

दोन मिनिटांनी मोहितशेठ. “काकी, माझ्या बाजूचा खांब आधी झाला हे सगळ्यांनी बघितलंय. तुम्ही निदान अर्धा झाला लिहा.”

“बघते,” प्रयागबाई म्हणाल्या, दोघांनाही.

त्यांनी फोन खाली ठेवला, बॅटरी घेतली आणि ओढ्यावर गेल्या. अजून पुरतं फटफटलं नव्हतं. खांबांना झेंडूचे हार होते, मधून लाल फीत गेलेली होती. दुधाच्या किटल्या घेऊन दोन माणसं नेहमीसारखी पाण्यातून पलीकडं चालली होती. फीत लागू नये म्हणून वाकून. प्रयागबाईंनी काठावर उभं राहून एक पाय पुढं केला. पाय ठेवायला काही नव्हतं. त्यांनी तो अलगद मागं घेतला.

घरी येऊन पाय धुतले, दिवा लावला, भिंतीला पाठ टेकली. सहाला दोन मिनिटं होती. आता त्यांचं बोट बऱ्यापैकी चालायचं.

‘दिवस २५६४. आज दोन खांब झाले. हारही छान आहेत. साकव झाला नाही.’